जाग्या रेघा

मालकांच्या डोक्याला वायरी चिकटवत व्हते तवा मी आयसीयूच्या काचंच्या दारापाशी हुबी व्हते आन मनात एकच व्हतं, ह्या माणसाला आत जाग असंल तर मी वाचले, न्हाय तर जल्मभर मेले. लोकांला वाटतं बायको नवऱ्यासाठी रडती. रडत व्हतेच की, खोटं कशाला बोलू. पन माझ्यासाठी बी रडत व्हते. कारन एक गोष्ट अशी व्हती की ती जगात दोघांनाच ठावं, मला आन त्यांना. त्यांचे डोळे मिटलेले, तोंडात नळी, छाती मशीन हलवतंय. आन आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, भायेर बाकड्यावर बसून पानी भराय आलेल्या बाईला सुद्धा सांगत व्हत्या की आमच्या सुनंनं पंचमीला विळी हातात घेतली, म्हनून माझ्या लेकाला पान लागलं.

पान लागलं म्हंजी साप चावला. आमच्याकडं सापाचं नाव घेत न्हाईत.

आमचं गाव सास्तूरच्या अंगाला. नागपंचमीला आमच्या घरात चिरायचं न्हाय, तळायचं न्हाय, तवा ठिवायचा न्हाय, जमीन उकरायची न्हाय, सगळं उकडून खायाचं. आत्या आदल्या दिशीच विळी आडवी करून ठिवत्यात. त्या पंचमीला आत्या बायकांबरूबर वारुळाला गेल्या आन मालक रानातनं आले, खांद्यावरच्या टावेलात वाळूक गुंडाळलेलं. वरसाचं पयलं वाळूक, काकडीच्याच जातीचं, कोवळं, अंगावर लव. म्हनले, "चीर की. मीठ-मिरची लावून दे."

म्या म्हनलं, "आज पंचमी हाय. हातानं फोडते."

"हातानं फोडलेल्याला चव न्हाय. चकत्या कर."

"आत्या मारत्याल मला."

"आई वारुळावर हाय. नाग काय आपल्या घरात डोकवाय बसलाय का? चीर."

म्या चिरलं. त्यांनी खाल्लं, पोरीला चारलं. तेवढ्यात आत्या आल्या, विळी वली, खाली बिया पडलेल्या. आत्यांनी मला जे बोलायचं ते बोललं, माझ्या माहेरापसनं सुरू केलं. मालक तिथंच बसले व्हते, तोंडात शेवटची चकती. त्यांनी ती गिळली, तोंड पुसलं, गाडीला किक मारली आन गेले. म्या म्हनलं जाऊ दे, सांजच्याला सांगत्याल आईला. सांजच्याला कोन सांगतंय.

मंग भादव्यात ते झालं. लई उकडत व्हतं म्हनून मालक ओसरीत खाली वाकळ टाकून झोपले व्हते. उजाडता उजाडता म्हनले पोट दुखतंय. म्या ववा दिला. मंग म्हनले, डोळं उघडंना गं, पापन्या जड झाल्यात. मला वाटलं जागरन. मंग जीभ जड झाली, बोबडं बोलाय लागले, आन आत्यांनी वाकळ झटकली तर त्यातनं मण्यार निघाली, काळी, अंगावर पांढरे पट्टे. चावल्याची खूण सुद्धा दिसंना. मण्यारीचं असंच असतं म्हनं, झोपेतल्या माणसाला कळत बी न्हाय.

थोरले भाऊजी, म्हंजी मालकांचे मोठे भाऊ, त्यांनी मालकांना उचलून मारुतीच्या पारावर नेलं. लिंबाचा पाला तोंडात कोंबला, इख चढलं की कडू लिंब गोड लागतो म्हनं. "सांग, गोड लागतंय का कडू?" ह्यांना चावता यीना, कडू काय आन गोड काय. सगळं गाव एकच म्हनाय लागलं, झोपू दिऊ नगा, झोपला की इख चढतं. कुणी हालगी आणली, कुणी गालात मारतंय, कुणी कानात वरडतंय. मी म्हनत व्हते दवाखान्यात चला, दवाखान्यात चला. भाऊजी म्हनले, "तू गप ऱ्हा, तुझ्यामुळंच झालंय." तवा कळलं ती वाळकाची गोष्ट मिटली नव्हती, वाट बगत बसली व्हती.

जीपगाडी यीस्तवर त्यांचा दम तुटाय लागला व्हता. तालुक्याला सुया दिल्या, तिथनं अँबुलन्समधी एक पोरगा दम द्यायचा फुगा सारखा दाबत धाराशिवला घिऊन आला. धाराशिवला मशीनवर टाकलं. पोरगी माझ्या आईकडं सोडली, तीन वरसाची, पदर सोडंना.

आयसीयूत सकाळी आन सांजच्याला भेटाय सोडायचे, थोडा येळ. आत ऊन बी न्हाय आन अंधार बी न्हाय, सारखी पांढरी बत्ती. मशीन टीं टीं करतंय. मालक पालथ्या भांड्यासारखे निपचित. बोट उचललं तर खाली पडतंय, पापनी उचलली तर उचलल्याली ऱ्हाती. आत्या आत गेल्या की पयल्यांदा खांदा गदागदा हलवायच्या. "झोपू नगं रं माझ्या वाघा, ऊठ, डोळं उघड." भाऊजी तळपायाला चिमटे काढायचे. एक दिस सिस्टर पळत आली.

"आजी, हे काय लावलंय? हे मारुतीचं देऊळ न्हाय."

आत्या म्हनल्या, "मंग चपला कशाला देवळावानी भायेर काढाय लावता?"

सिस्टरला बी हसू आलं. मला आलं न्हाय. पन हे ध्यानात ठिवा, पुढं लागतंय.

आमच्या डॉक्टर बाई व्हत्या, उमरग्याकडच्या, माझ्याहून चार-पाच वरसांनी मोठ्या असत्याल. त्यांनी मालकांच्या डोळ्यात बॅटरी मारली आन बाहुल्या हलल्या न्हाईत. ते भाऊजींनी बगितलं. बाई म्हनत व्हत्या की मण्यारीत असं व्हतं, इख शिरांना धरतं, हातपाय-पापन्या सगळं बंद पाडतं, थांबा. पन भाऊजींनी अर्धंच ऐकलं. त्यांना वाटलं बाहुली हलंना म्हंजी संपलं.

तवापसनं मालकांच्या खाटंजवळच बोलनं सुरू झालं. दबक्या आवाजात बी न्हाय. मेलेल्या माणसाम्होरं कोन दबकं बोलतंय?

भाऊजी म्हनले, "घरी नेऊ. नळी काढून घरी नेऊ. आंगणात जीव गेलेला बरा, मशीनवर ताटकळत ठिवू नये."

आत्या रडत म्हनल्या, "हिनं पंचमीला विळी घेतली रं. माझ्या डोळ्यानं बगितलं. माझं पोरगं खाल्लं हिनं."

म्या म्हनलं, "आत्या, ह्यांनीच मागितलं व्हतं वाळूक. ह्यांनीच चिराय लावलं."

"आता त्याच्यावर घाल. तो सांगाय यितोय व्हय?"

भाऊजी म्हनले, "तुला माहेरी जायाचं तर जा. पोरगी आमची हाय, ती हितंच ऱ्हाईल."

हे सगळं त्यांच्या उशाला. म्या त्यांच्या तोंडाकडं बगितलं. दाढी वाढलेली, ओठाच्या कोपऱ्यात नळीची पट्टी. तिथं काई नव्हतं, माणूस हाय का घर रिकामं हाय ते कळंना. मी वाकून कानात म्हनलं, "अवो, आईला सांगा की. एवढं तरी सांगून जावा." आता वाटतं काय बोलले मी ते, जावा म्हनले. पन भ्या वाटत व्हतं. माझी पोर त्यांच्या घरात आन मी माहेरच्या पडवीत, कपाळावर काय लिवलेलं, तर हिनं नवऱ्याला खाल्लं.

मशीन काढून घरी न्यायचं तर माझी सही लागत व्हती. बायको म्हनून. सहीपुरती मी बायको. भाऊजी कागद घिऊन दारापाशी आले. मी आठवीपतूर शिकले, सही येती. म्या हात पदराखाली घेतला. म्हनलं, "डॉक्टर बाई म्हनत्यात थांबा."

"बाईला काय जातंय. सही कर."

"न्हाय करत."

जल्मात पयल्यांदा थोरल्या दिराला न्हाय म्हनले. सावित्री बिवित्री नव्हते मी. तो माणूस गेला तर माझा साक्षीदार जायाचा, एवढंच कळत व्हतं.

भाऊजी तसेच बाईंकडं गेले, म्हनले पेशंट संपलाय, उगं कशाला ठिवून घेता. बाईंनी मान वर केली. "संपलाय का नाही ते आपण बघू. मेंदूची तपासणी करते. मशीन इथं खाटेपाशी येतं." भाऊजी म्हनले, "करा. तुमचं बी समाधान हु द्या."

वायरीवाला माणूस आला, गळ्यात टेप, शिंप्यावानी. त्यानं मालकांचं डोकं मोजलं, पेन्शिलीनं खुणा केल्या आन हात लावला तर हात निसटला. "डोक्याला तेल कुणी लावलं? हे डोक्याला तेल हाय का तेलाला डोकं?" आत्यांनी मारुतीच्या समईतलं तेल चोळलं व्हतं, सिस्टरची नजर चुकवून. तेलावर वायर धरत न्हाय म्हनं. तो कुरकुरत बसला, कापसानं एकएक खूण पुसली, खरखरीत मलम घासलं आन पांढऱ्या लोण्यासारख्यानं इवल्या इवल्या वाट्या चिकटवल्या. लाल, निळ्या, पिवळ्या वायरी. सगळ्या मागं एकत्र बांधल्या, बाईच्या शेपट्यावानी.

बाईंनी आमाला तिघांना आत घेतलं. म्हनल्या, बघू द्या ह्यांनाही. पडद्यावर रेघाच रेघा, आडव्या, एकाखाली एक, हलत्यात. मला वाटलं सरळ असत्याल, सिनेमात मेल्यावर सरळ हुत्यात तशा. सरळ नव्हत्या. खालच्या रेघा तर फणीच्या दातावानी, बारीक, सारख्या, एका मापाच्या.

बाईंनी बोटानं मालकांच्या पापन्या वर धरल्या. फणी मोडली. दात गेले, रेघा वेड्यावाकड्या बारीक झाल्या. पापन्या सोडल्या, फणी परत आली. परत उचलल्या, परत मोडली.

बाई भाऊजींना म्हनल्या, "डोळे मिटून जागा असलेला माणूस असा दिसतो. आत्ता तुमच्या माझ्यासारखा जागा आहे हा. उजेड कळतोय त्याला."

भाऊजी म्हनले, "पन बाई, चिमटा काढला तरी हलंना."

"हलायला अंगात ताकद पाहिजे. ती विषानं नेलीय. कान नाही नेले. तुम्ही इथं जे जे बोललात ते सगळं ह्यानं ऐकलंय."

भाऊजींनी पायाखाली बगितलं. आन मला, देवाशप्पत, अंगातनं वीज गेल्यावानी झालं. ऐकलंय. म्हंजी आत्या काय म्हनल्या ते ऐकलं, भाऊजी काय म्हनले ते ऐकलं, मी काय म्हनले ते बी ऐकलं. माझा साक्षीदार जिता हाय आन जागा हाय.

आत्या मातूर मानंनात. "रेघांचं काय खरं, बाई. रेडू बिघडला तरी खरखर करतो."

तवा मी बोलले. मला आवरलंच न्हाय. आत्यांची एक गोष्ट हाय, आमच्या घरात पावन्याला चहाआधी ती गोष्ट मिळती. भूकंपात आत्या नव्या नवरी व्हत्या, दगडमातीच्या घराखाली गाडल्या गेल्या. तोंडात माती, वरडाय येत न्हाय. वर माणसं चालत्यात ते ऐकू येतंय. कुणी तरी म्हनलं, हितं कोन जितं न्हाय, पुढं चला. आन पाय पुढं गेले. आत्या सांगत्यात, ते पाय पुढं जाताना ऐकले तसं दुसरं काई जल्मात ऐकलं न्हाय. मंग मागनं एक कुत्रं आलं आन उकराय लागलं, तवा माणसं फिरली.

म्या म्हनलं, "आत्या, तुमी बी आतच व्हता की. तुमाला बी ऐकू येतच व्हतं."

आत्यांनी माझ्याकडं असं बगितलं की आता थोबाडीत बसती म्हनलं. पन त्या खाली बसल्या, फरशीवर, खाटंचा लोखंडी पाय धरून. म्हनल्या, "नेऊ नगा घरी."

ते तेवढंच. माझ्याबद्दल काई न्हाय. विळीबद्दल काई न्हाय. माझ्याकडं परत बगितलं सुद्धा न्हाय.

बाईंनी वायरी तशाच ठिवल्या, दुसऱ्या दिशी म्हनल्या, "आता एक ऐका. हा माणूस झोपलेलाच नाही. झोपेच्या लाटा मोठ्या असतात, संथ. ह्याच्या रेघांत झोप नावालाच आहे, जरा लागते की मोडते. हा बत्तीचा उजेड, हे आवाज, आणि वरून तुम्ही येऊन गदागदा हलवता."

आत्या म्हनल्या, "झोपू दिलं तर इख चढतं, बाई."

"यव्वा, विष चढायचं तेवढं चढलं. आता त्याला झोप हेच औषध आहे. सापानं सोडला त्याला, तुम्ही मारताल जागवून."

मंग सिस्टरनं त्यांच्या डोळ्यावर फडकं ठिवलं, कानात कापूस घातला, खाटंवरची बत्ती बंद केली, मशीनचा आवाज बारीक केला. आमाला सांगितलं, भायेरनंच बगा. मी काचंतनं पडद्याकडं बगत बसले. मला त्यातलं काय कळतंय, पन तासभरानं रेघा मोठ्या झाल्या, ढेकळं नांगरल्यावानी वर-खाली, सावकाश. सिस्टरनं आतनं मला हातानं खूण केली, झोपले म्हनून. मला बी तिथंच काचंला टेकून डोळा लागला. घरनं निघाल्यापसनं पयल्यांदा.

पुढं काई दिसांनी डाव्या पायाचा अंगठा हलाय लागला. लई थोडा, माशी बसल्यावर हलतो तेवढा. बाईंनी परत वायरी लावायला लावल्या, झोपेचं कसं चाललंय ते बगाय. आन मालकांना मोठ्यानं म्हनल्या, "मी विचारते. हो असेल तर अंगठा हलवा. तुमचं गाव लोहारा तालुक्यात आहे?" अंगठा हलला. "तुम्हाला मुलगा आहे?" न्हाय हलला. "मुलगी आहे?" हलला. आत्या पदर तोंडात धरून रडाय लागल्या. "बाळा, मला वळखतोस?" हलला. भाऊजी म्हनले, "गड्या, म्या तुझ्यासाठी पळापळ केली, ठावं हाय ना?" हलला, थोडा येळानं, पन हलला.

मंग बाई मला म्हनल्या, "तुम्हीही विचारा काहीतरी."

मला दुसरं काई सुचलंच न्हाय. चांगली बायको असते तर दुखतंय का म्हनले असते, भ्या वाटतंय का म्हनले असते. मी पायापाशी गेले, अंगठ्याकडं बगत म्हनलं, "अवो. पंचमीला वाळूक तुमीच मागितलं व्हतं न्हवं? तुमीच चिराय लावलं व्हतं. व्हय असंल तर हलवा."

अंगठा हलला न्हाय.

म्या वाट बगितली. आत्या बगत व्हत्या, भाऊजी बगत व्हते. म्या परत विचारलं, लई हळू, "तुमी मागितलं व्हतं न्हवं?"

न्हाय हलला. भाऊजी म्हनले, "बघ." एवढंच, बघ.

बाई म्हनल्या, "थकले असतील. पुरे करू आज."

पन म्या पडद्याकडं बगितलं व्हतं. एवढे दिस बसून तेवढं मला कळाय लागलं व्हतं. रेघा झोपेच्या नव्हत्या. फणीचे दात सगळे जागेवर व्हते. बाईंनी बी बगितलं, आन मी बगितलं ते बी त्यांनी बगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठिवला आन दुसऱ्या पेशंटकडं गेल्या.

नळी निघाली, आवाज आला, घोगरा, म्हाताऱ्यावानी. पयला शब्द पोरीचं नाव. पोरीला आनलं तर ती त्यांना भ्याली, माझ्या मानंत तोंड खुपसलं. आमी घरी आलो. गावानं नारळ फोडले मारुतीला. दवाखान्याचं नाव कुणी काढलं न्हाय, सगळे म्हनाय लागले हालगी वाजवून जागा ठिवला म्हनून वाचला. भाऊजी सांगायचे, म्या चिमटे काढून काढून जागा ठिवला. मालक बसून ऐकायचे, मान हलवायचे.

पावने बगाय यिऊन विचारायचे, तुला काई कळत व्हतं का रं तिथं? मालक म्हनायचे, "काई न्हाय. अंधार. काई ऐकू आलं न्हाय." आत्या लगीच म्हनायच्या, "देवानंच कान झाकले त्याचे." म्या म्हनलं असंल बाबा. मशीनलाच काय तरी झालं असंल, आत्या म्हनत्यात तसं रेडूवानी. एवढं सोसून आलेल्या माणसाला कशाला पुसायचं. मी मनाला समजावत व्हते. लई चांगलं समजत व्हतं मन.

मंग एक दिस मालकांचे मामा आले. म्या चहा गाळत व्हते. धाराशिवच्या दवाखान्याचं बोलनं निघालं, लई मोठा हाय का, शिस्त हाय का. मालक हसून म्हनले, "शिस्त काय इचारता, मामा. आईनं सिस्टरला गप केली तिथं. सिस्टर म्हनती, हे मारुतीचं देऊळ न्हाय. आई म्हनती, मंग चपला कशाला देवळावानी भायेर काढाय लावता."

सगळे हसले. मामा मांडी थोपटून हसले. माझ्या हातातली गाळणी तशीच ऱ्हायली. ते बोलनं झालं तवा मालक निपचित व्हते, पापनी सुद्धा त्यांची नव्हती. म्या आत्यांकडं बगितलं. आत्या हसत नव्हत्या. त्यांना बी कळलं व्हतं. दोघींनी एकमेकीकडं बगितलं, आन आत्या उठून पाट्यावर मिरची वाटाय बसल्या. मिरची आधीच वाटून ठिवलेली व्हती.

मामा गेल्यावर मी गोठ्यात गेले, मालक म्हशीला पेंड ठिवत व्हते. म्हनलं, "तुमाला सगळं ऐकू येत व्हतं."

"कशाचं?"

"चपलंचं ऐकलं तसं माझं बी ऐकलं असंल. मला माहेरी घालवाय निघाले व्हते ते. पोरगी ठिवून घेणार व्हते ते."

"मला सिस्टरनं सांगितलं असंल मागनं."

"कुठल्या सिस्टरनं?"

ते म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत ऱ्हायले. मंग म्हनले, "जीव वाचला न्हवं? कशाला उकरती. आईला ह्या वयात काय सांगायचं, तू वाळूक-वाळूक करती. एवढं एक वाळूक तुला जड झालंय."

मला जड झालंय. म्या पेंडीचं घमेलं उचललं आन आत गेले. म्हशीनं रवंथ थांबवून माझ्याकडं बगितलं, तेवढं तरी.

ते दुपारी झोपाय लागले तवापसनं. पडल्या पडल्या डोळे मिटायचे. आत्या म्हनायच्या, आवाज करू नगं गं, डॉक्टरनं झोप सांगितलीय त्याला. मी आवाज करत नव्हते. बाई म्हनल्या व्हत्या की झोप हे औषध, मी भाकरी सुद्धा हळू थापायची. पन काम करता करता ध्यान तिकडं जायाचं आन मला वाटायचं, ह्या कपाळाला आता वायरी असत्या तर काय दिसलं असतं.

यंदा पंचमी आली. आत्यांनी दोन दिस आधीच विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, शेजारच्या बायका बसल्या व्हत्या त्यांच्यादेखत. म्हनल्या, "आमच्या घरात लई जपावं लागतं, बाई. एकदा भोगलंय." बायकांनी माझ्याकडं बगितलं. मी भाकरीचं पीठ मळत व्हते, मळत ऱ्हायले.

पंचमीच्या दिशी मालक रानातनं आले आन टावेलातनं वाळूक काढून चौकटीपाशी ठिवलं. काई बोलले न्हाईत. बोलायचं कशाला, वाळूकच ते. पोरगी धावत आली, दोन्ही हातानं उचललं. "आई, चीर."

आत्या आतनं आल्या, दारात हुब्या ऱ्हायल्या.

म्या पोरीला म्हनलं, "आज चिरत न्हाईत. मागल्या वरशी चिरलं व्हतं. कुणी चिराय लावलं ते बाबाला इचार."

पोरगी मालकांकडं वळली. "बाबा, कुणी?"

चांगलं बोलता येत व्हतं त्यांना. नळी नव्हती, पट्टी नव्हती, इख उतरून वरीस होत आलं व्हतं. आत्या दारात, मी उकडायच्या दिंडांचं पीठ मळत परातीपाशी. त्यांनी वाळूक पोरीच्या हातातनं घेतलं, दगडावर आपटून फोडलं, तिच्या हातात एक तुकडा दिला. बाकीचं तिथंच ठिवलं. मंग बाजंवर आडवे झाले, टावेल कपाळावर घेतला आन डोळे मिटले.

पोरगी वाळूक खात खात त्यांच्यापाशी गेली, वाकून बगितलं आन माझ्याकडं यिऊन हळूच म्हनली, "बाबा झोपला."

"न्हाय गं," म्या म्हनलं. हळू न्हाय, आत्यांला ऐकू जाईल असं म्हनलं, बाजंवर ऐकू जाईल असं म्हनलं. "बाबा जागा हाय. त्याला सगळं ऐकू येतंय."

टावेल हलला न्हाय. मी परातीतलं पीठ परत मळाय घेतलं.